आयतवृत्त : लट्टलूरच्या राजवंशाच्या काळातील एक आकृती

लंबगोल किंवा अंडाकृती आकार मानवी व्यवहारात पुरातन काळापासून आढळतो. धान्याचा दाणा, पक्ष्याचे अंडे, देवालयाची मागील भिंत, लिंगाचा शिरोभाग आणि ग्रहाची कक्षा अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत हा आकार वेगवेगळ्या नावांनी वावरत आला आहे. नाव एक असले म्हणजे वस्तूही एकच असते, असे मात्र नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने या ठिकाणी विशेष सावध राहावयास हवे. नवव्या शतकातील एका गणितग्रंथात आलेली 'आयतवृत्त' ही आकृती, तिच्या मापनाचे नियम आणि त्या नियमांवरून निघणारा तिचा खरा अर्थ, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय नांदेड-लातूर परिसराच्या अभ्यासकाला परका नाही. ज्या राजवंशाच्या छत्राखाली तो ग्रंथ सिद्ध झाला, त्या राजवंशाचे मूळ नाते याच भूमीशी जोडले जाते.

१

राष्ट्रकूट राजांच्या लेखांत 'लट्टलूर' या नगरीचे अधिपती अशा अर्थाचे बिरुद येते. अमोघवर्षाच्या काळातील इ. स. ८६६ च्या शिरूर येथील लेखात ते आहे, आणि पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही तेच बिरुद अभिमानाने मिरविले. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, हे मत डॉ. अ. स. अळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या १९३४ च्या ग्रंथात साधार मांडले आणि ते सामान्यतः मान्य झालेले आहे. या बिरुदाचा अर्थ मर्यादित आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, ही होती. लट्टलूर हे पूर्वजांचे स्थान म्हणून स्मरणात राहिलेले नगर होते. कंधारचे स्थान याहून निराळे आहे. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील तेथील शिलालेखात 'जगत्तुंगसमुद्र' या जलाशयाचा उल्लेख असून राष्ट्रकूटांची प्रत्यक्ष वास्तू, शिल्पे आणि जलाशय यांच्या खुणा या नगरात आजही पाहावयास मिळतात. 'कविराजमार्ग' या अमोघवर्षाच्या दरबाराशी निगडित असलेल्या ग्रंथात कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. म्हणजे नांदेडच्या काठाने वाहणारी गोदावरी ही त्या सांस्कृतिक प्रदेशाची उत्तरसीमा होती.

अमोघवर्ष नृपतुंग याची कारकीर्द इ. स. ८१४ ते ८७८ अशी मानली जाते. याच काळात, सुमारे इ. स. ८५० मध्ये, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' रचला व ग्रंथारंभी नृपतुंगाची स्तुती केली. म. रंगाचार्य यांनी या ग्रंथाची संहिता इंग्रजी भाषांतरासह मद्रास येथून १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह संपादिलेली आवृत्ती सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाली. लातूरपासून फारशा दूर नसलेल्या गावी हा ग्रंथ छापला गेला, ही गोष्ट आपल्या ग्रंथालयांच्या दृष्टीने सोयीची ठरली.

२

ग्रंथाच्या क्षेत्रगणित प्रकरणात महावीराचार्य वक्ररेषांनी वेढलेल्या वृत्तजातीच्या आठ आकृती सांगतात : समवृत्त, अर्धवृत्त, आयतवृत्त, कंबुकवृत्त, निम्नवृत्त, उन्नतवृत्त, बहिश्चक्रवाल आणि अंतश्चक्रवाल. यांतील कंबुकवृत्त म्हणजे शंखासारखी आकृती आणि चक्रवाल म्हणजे कड्यासारखी. याखेरीज यव, मुरज, पणव व वज्र यांच्या आकाराची क्षेत्रे वेगळी सांगितली आहेत. यवाकृती म्हणजे सातूच्या दाण्यासारखी, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. आयतवृत्त व यव हे दोन्ही लांबट आकार ग्रंथकाराने निराळ्या वर्गांत ठेवले, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आयतवृत्ताला दोन व्यास असतात, एक दीर्घ व एक ऱ्हस्व. त्याच्या मापनासाठी महावीराचार्य दोन प्रकारचे नियम देतात. एक व्यावहारिक, म्हणजे स्थूल, दुसरा सूक्ष्म. स्थूल नियमात वर्तुळाचा परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला असतो, तर सूक्ष्म नियमात तो व्यासाच्या √१० पट असतो. ही दुसरी संख्या जैन परंपरेत प्राचीन काळापासून रूढ होती.

स्थूल नियम असा : दीर्घ व्यासात ऱ्हस्व व्यासाचा अर्धा भाग मिळवून दुप्पट केली असता परिघ येतो, परिघाला ऱ्हस्व व्यासाच्या चतुर्थांशाने गुणिले असता क्षेत्रफळ येते. सूक्ष्म नियमात ऱ्हस्व व्यासाच्या वर्गाची सहापट आणि दीर्घ व्यासाच्या वर्गाची चौपट यांच्या बेरजेचे वर्गमूळ हा परिघ होय. क्षेत्रफळाची रीत मात्र तीच, चतुर्थांश ऱ्हस्व व्यासाने परिघाला गुणण्याची.

उदाहरणात दीर्घ व्यास ३६ व ऱ्हस्व व्यास १२ घेतला आहे. स्थूल परिघ २(३६ + ६) म्हणजे ८४, आणि क्षेत्रफळ ८४ × ३ म्हणजे २५२. सूक्ष्म परिघ √६०४८, म्हणजे सुमारे ७७.७७, आणि क्षेत्रफळ सुमारे २३३.३.

३

रंगाचार्यांनी 'आयतवृत्त' या संज्ञेचा अर्थ आधुनिक भूमितीतील विवृत्त असा घेतला आणि नंतरच्या बहुतेक इतिहासकारांनी तो स्वीकारला. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. तथापि विवृत्त ही आकृती काटेकोर व्याख्येने बांधलेली आहे. ग्रीक भूमितिकार अपोलोनिअस याने इ. स. पूर्व २०० च्या सुमारास शंकूच्या छेदांवर ग्रंथ लिहिला. विवृत्त हा त्या छेदांपैकी एक. वक्ररेषेवरील कोणताही बिंदू घेतला तरी दोन नाभींपासूनच्या त्याच्या अंतरांची बेरीज तीच राहते, हा त्याचा गुणधर्म. गणितसारसंग्रहात शंकूचा छेद नाही, नाभी नाहीत, आणि आकृती कशी रेखाटावी याचा विधीही नाही. आपल्या हाती आहेत ते केवळ दोन व्यास आणि मापनाचे नियम. म्हणून नियमांनाच विचारले पाहिजे की, तुमच्या मनात कोणती आकृती आहे?

३६ व १२ हे अक्ष असलेल्या विवृत्ताचा परिघ आजच्या गणिताने सुमारे ८०.१९ येतो आणि क्षेत्रफळ सुमारे ३३९.३. महावीराचार्यांच्या स्थूल परिघात चारांची अधिकता आहे, सूक्ष्म परिघात अडीचांची न्यूनता. विवृत्ताचा परिघ सामान्य बीजगणिती सूत्रात मांडताच येत नाही. श्रीनिवास रामानुजन यांनीही १९१४ मध्ये त्यासाठी आसन्न सूत्रेच दिली. तेव्हा परिघातील हा फरक दोषास्पद म्हणता येणार नाही. क्षेत्रफळाची गोष्ट वेगळी आहे. ३३९ च्या जागी २५२ किंवा २३३ हे उत्तर थोडेथोडके चुकलेले नाही. सूक्ष्म म्हणविणारा नियम स्थूल नियमाहूनही सत्यापासून दूर जातो, हे तर अधिकच चमत्कारिक.

या कोड्याची उकल त्याच प्रकरणातील धनुराकृतीच्या नियमांत सापडते. वर्तुळाचा जीवेने कापलेला तुकडा म्हणजे धनुष्य. त्याची दोरी ती जीवा, आणि मध्यभागी असलेली उंची तो शर. महावीराचार्यांच्या सूक्ष्म नियमाप्रमाणे धनुष्याच्या कमानीची लांबी म्हणजे शराच्या वर्गाची सहापट व जीवेचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ. आता ३६ जीवा व ६ शर असलेली दोन धनुष्ये दोरीला दोरी लावून जोडली असे समजा. एका कमानीची लांबी √(२१६ + १२९६), म्हणजे √१५१२, सुमारे ३८.८८. दोन कमानींची मिळून ७७.७७. हाच आयतवृत्ताचा सूक्ष्म परिघ होय. हे साम्य एका उदाहरणापुरते नाही. धनुष्याच्या नियमात शर म्हणून ऱ्हस्व व्यासाचा अर्धा भाग आणि जीवा म्हणून दीर्घ व्यास घालून दुप्पट केली असता आयतवृत्ताचा सूक्ष्म नियम अक्षरशः तयार होतो.

क्षेत्रफळाकडे वळावे तर तेथेही हाच अनुभव येतो. धनुष्याचे स्थूल क्षेत्रफळ काढताना जीवा व शर यांच्या बेरजेला शराच्या अर्ध्याने गुणावयाचे असते. ३६ व ६ यांची बेरीज ४२; तिला ३ ने गुणिले असता १२६; दोन धनुष्यांचे २५२. आयतवृत्ताचे स्थूल क्षेत्रफळही २५२ च. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, हिशोब करताना आयतवृत्त म्हणजे पाठीमागे पाठ नव्हे, तर दोरीला दोरी लावलेली दोन धनुष्ये, अशीच कल्पना या नियमांच्या मुळाशी आहे. ३६ लांबी व १२ रुंदी असलेल्या अशा जोडधनुष्याचा परिघ आजच्या गणिताने ७७.२२ येतो. महावीराचार्यांचे ७७.७७ हे उत्तर विवृत्ताच्या ८०.१९ पेक्षा त्याच्या कितीतरी जवळ आहे.

स्थूल परिघाचा आणखी एक अर्थ लागतो. मध्ये आयत व दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे अशी आकृती घेतली आणि परिघ व्यासाच्या तिप्पट धरला, तर दोन अर्धवर्तुळांचे ३६ व दोन सरळ बाजूंचे ४८ मिळून ८४ होतात. स्थूल नियमही हेच सांगतो. परंतु त्या आकृतीचे क्षेत्रफळ त्याच हिशोबाने ३९६ भरेल, २५२ नव्हे. तेव्हा एकच नियम परिघापुरता एका आकृतीला लागू पडतो व क्षेत्रफळापुरता दुसऱ्या.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दोन धनुष्ये जोडली की टोके निमुळती होतात, आणि तशी आकृती तर यवाची. मग ग्रंथकाराने आयतवृत्त निराळे का सांगितले? याचे उत्तर वर्गीकरण व गणन यांच्या भेदात आहे. डोळ्यांना आयतवृत्त हे वर्तुळाचे नातलग दिसते, त्याला कोठेही टोक नाही; म्हणून ते वृत्तजातीत गेले. हिशोबाच्या वेळी मात्र हाताशी असलेले साधन धनुष्याचे होते. वर्तुळ आणि सरळ रेषा या दोन टोकांच्या स्थितींत हा हिशोब बरोबर येतो. दोन्ही व्यास समान केले की √१० पटीचा वर्तुळपरिघ मिळतो, आणि ऱ्हस्व व्यास शून्य केला की दीर्घ व्यासाची दुप्पट उरते. या दोन स्थितींच्या मध्ये मार्ग काढणारा तो एक कुशल नियम आहे.

क्षेत्रफळाच्या सूक्ष्म नियमात ग्रंथकाराचे पाऊल घसरले, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परिघाला चतुर्थांश व्यासाने गुणावे ही रीत वर्तुळाला अचूक लागू पडते; तीच लांबट आकृतीला लावली गेली. वास्तविक धनुष्याच्या सूक्ष्म क्षेत्रफळाचा चांगला नियम त्याच प्रकरणात आहे : जीवेला शराच्या चतुर्थांशाने व √१० ने गुणावे. तो वापरला असता दोन धनुष्यांचे मिळून सुमारे ३४१.५ आले असते, आणि ते विवृत्ताच्या ३३९.३ या खऱ्या क्षेत्रफळाला अगदी लागून आहे. उत्तर ग्रंथातच होते. मात्र वर्तुळाच्या उपमेने ग्रंथकाराला दुसऱ्या वाटेने नेले.

४

आता इतर क्षेत्रांकडे दृष्टी टाकू. वास्तुशास्त्रात ही आकृती 'वृत्तायत' या नावाने येते; गणितातील नावाचीच दोन पदे उलट क्रमाने मांडलेली. अग्निपुराणात व भोजाच्या समरांगणसूत्रधारात प्रासादांच्या पाच मूळ जाती सांगितल्या आहेत. वैराज हा चौरस, पुष्पक आयत, कैलास वर्तुळाकार, मणिक वृत्तायत आणि त्रिविष्टप अष्टकोनी. मयमतात याशिवाय एका बाजूस दोन कोन व दुसऱ्या बाजूस गोलाई असलेला द्व्यश्रवृत्त हा प्रकारही आहे. मराठवाड्याच्या अभ्यासकाला या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. पेरिप्लसमध्ये तगर या नावाने पैठणसह उल्लेखिलेल्या तेर येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर पाहावे. त्याच्या मूळ भागाची मागील भिंत अर्धवर्तुळाकार असून छत गजपृष्ठाकार आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्यगृह होती काय, यावर हेन्री कझिन्स यांच्यापासून विद्वानांत चर्चा आहे. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच की, त्या गवंड्याला विवृत्ताची गरज नव्हती. एक खुंटी, एक दोरी आणि दोन समांतर सरळ भिंती यांवर त्याचे काम भागले. महावीराचार्यांच्या स्थूल परिघाला जुळणारी आकृती अशाच साधनांनी सिद्ध होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लिंगाच्या शिरोभागाच्या आकारांत शिल्पग्रंथ छत्र, त्रपुष म्हणजे काकडी, कुक्कुटांड, अर्धचंद्र व बुद्बुद अशी नावे देतात. येथे आकाराची ओळख निसर्गातील वस्तूवरून करून दिलेली आहे. कारागिराला ती पुरेशी होती.

'अंड' या शब्दाचा सर्वांत व्यापक उपयोग ब्रह्मांड या कल्पनेत झाला आहे. परंतु ज्योतिषग्रंथांत ब्रह्मांडाचे माप वर्तुळाच्या हिशोबाने दिले जाते. भास्कराचार्य (जन्म इ. स. १११४) सिद्धांतशिरोमणीत खकक्षेचे प्रमाण १८७१२०६९२०००००००० योजने सांगतात, आणि ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह एवढे अंतर चालतो एवढेच आपले म्हणणे, अशी सावध भूमिका घेतात. नाव अंड्याचे आणि गणित गोलाचे, असा हा प्रकार आहे. स्तूपाच्या अर्धगोल घुमटालाही 'अंड' म्हणतात. जैन आगमांतील पाच संस्थानांपैकी 'परिमंडल' म्हणजे काय, लांबट वर्तुळ की कड्यासारखी आकृती, याविषयी मतभेद आहेत. या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट दिसून येते : संज्ञेवरून आकृती ठरवू नये, मापनावरून ठरवावी.

युरोपच्या इतिहासातही हा भेद निर्णायक ठरला. योहानेस केप्लर याने मंगळाची कक्षा वर्तुळ नाही हे ओळखल्यावर प्रथम अंड्यासारखी, एका बाजूस अधिक फुगीर अशी आकृती गृहीत धरली. त्या अंडाकृतीचा हिशोब करण्यासाठी त्याने साहाय्यक म्हणून विवृत्त वापरले, आणि दीर्घ परिश्रमांनंतर खरी कक्षा विवृत्तच आहे या निष्कर्षाला तो आला. १६०९ च्या 'अस्ट्रोनोमिया नोव्हा' या ग्रंथात तो निष्कर्ष आहे. अंडाकृती व विवृत्त यांतील अंतर डोळ्यांना नगण्य वाटते. ज्योतिषाला ते नगण्य नव्हते.

५

पारिभाषिक संज्ञांचा इतिहास मराठवाड्यात आणखी एका कारणाने उद्बोधक आहे. ग्रीक भाषेत या छेदाच्या नावाचा अर्थ 'उणा पडणे' असा होता. अरबी गणितज्ञांनी तोच अर्थ राखून त्याला 'नाकिस' म्हणजे उणा छेद म्हटले, आणि ही संज्ञा फारसी-उर्दू ग्रंथांत रूढ झाली. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादेस स्थापन झाले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड-लातूरकडील जे विद्यार्थी तेथे गेले, त्यांच्या कानी उर्दू गणितातील ही परिभाषा पडली असणार. मराठी माध्यमात आज त्याच आकृतीला विवृत्त म्हणतात. बोलण्यात लंबवर्तुळ व दीर्घवर्तुळ हे शब्दही चालतात. म्हणजे एकाच प्रदेशात लट्टलूरच्या वंशजांच्या काळातील 'आयतवृत्त', उर्दूतील 'नाकिस' आणि मराठीतील 'विवृत्त' अशा तीन संज्ञा एकामागून एक येऊन गेल्या. त्यांतील दुसरी व तिसरी शंकुच्छेदाच्या परंपरेतील आहेत. पहिली तशी नाही.

प्रादेशिक इतिहास लिहिताना एक मोह नेहमी पडतो. लातूरचे नाव मिरविणाऱ्या राजाच्या आश्रयाने केप्लरच्या साडेसातशे वर्षे आधी विवृत्ताचा शोध लागला, असे वाक्य व्याख्यानात टाळी मिळविणारे आहे. परंतु ते स्वीकारले की महावीराचार्यांचे क्षेत्रफळाचे नियम केवळ चुकीचे ठरतात, आणि ग्रंथकार विवृत्ताचा एक कच्चा अभ्यासक म्हणून उरतो. याउलट, नियमांना त्यांच्याच प्रकरणातील धनुराकृतीच्या शेजारी ठेवून वाचले, तर त्यांची आंतरिक संगती दिसते, दोष कोठे शिरला तेही दिसते, आणि वर्तुळ व धनुष्य या दोनच साधनांवर लांबट आकृतीचे मापन बसविणाऱ्या बुद्धीचा आदर वाढतो. गौरव करावयाचा तर जे केले गेले त्याचा करावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दिशेने करण्याजोगे काम बरेच आहे. कंबुकवृत्त, निम्नवृत्त व उन्नतवृत्त यांचे नियमही असेच मूळ संहितेवरून तपासून पाहता येतील. तेरसारख्या वास्तूंच्या तलविन्यासाची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन त्यांतील वक्रभाग शुद्ध वर्तुळखंड आहेत की नाहीत, हे ठरविता येईल. यासाठी संस्कृत, गणित व पुरातत्त्व या तीन विभागांनी एकत्र बसावे लागेल. आयतवृत्तासारख्या लहानशा आकृतीने तशी निकड दाखवून दिली आहे.